आठव्या महिन्यातलं स्टूल

"बाळंतपणात बीपी वाढलं होतं का तुमचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अहो, जिना चढताना मला धाप लागतेय आताशा, आणि तुम्ही तीस वर्षांपूर्वीचं बाळंतपण काय उकरून काढताय?"

बाई काही हसल्या नाहीत. मग सांगितलं सगळं. पाय असे सुजले होते की नवऱ्याच्या चपला घालून फिरायचे. डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. बीपी बघितलं ते थेट दवाखान्यात नेल्यावर. लेक आठव्या महिन्यातच झाली, वीतभर. आठवड्याभरात बीपी उतरलं, विषय संपला.

"पण तो दोष माझाच," मी म्हटलं. "आदल्याच दिवशी स्टुलावर चढून पडदे लावले होते मी."

सासूबाई हे मरेपर्यंत म्हणत होत्या. आल्यागेल्याला सांगायच्या, लेकीदेखत. नवरा बोलला काही नाही, पण स्टूल त्यानं माळ्यावर टाकलं. तेही बोलणंच झालं की! मी पडदे शिवून पोट भरते, पण तेव्हापासून एकही पडदा हातानं टांगलेला नाही. गिऱ्हाइकाला म्हणते, लावायला माणूस बघा तुमचा तुम्ही.

"स्टुलाचा काही एक संबंध नाही," बाई म्हणाल्या. "ते बीपीमुळेच झालं. बाळंतपणानंतर ते उतरतं, पण अशा बायकांना पुढे हृदयाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. दरवर्षी तपासायला हवं होतं. कुणीच सांगितलं नाही?"

कोण सांगणार? माझं हृदय थकलंय म्हणाल्या. गोळ्या लिहून दिल्या, इको काढायला बाहेर बसवलं.

बाकावर बसले आणि मला रडू फुटलं. हृदयाचं ऐकून नाही हो, स्टुलाचं ऐकून. उभा जन्म मी ते डोक्यावर घेऊन वावरले. पोरीला साधी सर्दी झाली तरी वाटायचं, माझ्यामुळेच. आणि आता कुणाला सांगू? सासूबाई गेल्या, नवरा गेला. उरली लेक, ती परगावी. लावला तिला फोन.

"अगं, तू लवकर झालीस ना, ते स्टुलामुळे नव्हतं गं! डॉक्टर म्हणाल्या आत्ता."

"कुठलं स्टूल? आई, मी कामात आहे गं. डॉक्टरकडे कशाला गेलीस? बरी आहेस ना?"

कुठलं स्टूल, म्हणे!

"बरी आहे. जेवलीस का?"

"हो. रविवारी बोलू निवांत." फोन ठेवलासुद्धा तिनं.

शेजारी एक पोटुशी पोरगी टेकली होती, चपलांचे बंद सोडून. पाय टम्म सुजलेले. मला राहवेना.

"बीपी बघितलंस का गं?"

"त्यासाठीच आलेय, मावशी. वाढलंय म्हणतात."

मग काय, तिलाच सांगितलं सगळं. बाळ झालं, बीपी उतरलं, म्हणून सोडून देऊ नकोस, दरवर्षी तपासून घे. आणि कुणी काही खापर फोडलं तुझ्यावर, तर मुळीच ऐकून घेऊ नकोस. पोरगी मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, "तुमच्याबरोबर कोण आलंय, मावशी?"

"लेक आलीय ना. गाडी लावायला गेलीय."

"मग बसू दे की त्यांना इथंच," म्हणत ती जड अंगानं सरकली आणि आमच्या दोघींच्या मध्ये तिनं जागा केली.