अस्तरामागचा कप्पा

मी एक बॅग बोलतेय. निळी, मोठी, चार चाकांची. मला लिहिता येत नाही. मी सांगते आणि बॅगा दुरुस्त करणारा धाकटा लिहून घेतो. सातवीतून शाळा सोडून तो शिवणयंत्रावर बसला, त्यामुळे कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, शब्द फारच साधे वाटले, तर राग मानू नका. त्याचा टाका सरळ पडतो, ओळ तेवढी वाकडी जाते.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एक बाई चेन लावायची, दुसरी हँडल बसवायची, तिसरी दिवसभर नुसते सुटे धागे कापायची. त्या तिघींपैकी कुणीच मला पूर्ण झालेली पाहिली नाही.

पहिला मालक औषधं विकत गावोगाव फिरायचा. त्याच्याकडे मी चार वर्षं राहिले आणि माणसांची एक खोड तिथे शिकले. माणसं बॅगेत मावेल तेवढं भरत नाहीत, मनात असेल तेवढं भरतात, आणि मग बॅगेवर बसून चेन ओढतात. एकदा असंच तो माझ्यावर बसला आणि माझं एक चाक निखळलं. त्याने मला दुरुस्तीच्या दुकानात टाकलं. "परवा नेतो," म्हणाला. त्याचा परवा काही उजाडला नाही. दोन वर्षं मी माळ्यावर धूळ खात पडले. खाली धाकटा दुसऱ्यांच्या बॅगा बऱ्या करून पाठवत राहिला.

दुकान एवढंसंच. एक यंत्र, भिंतीला खिळ्यांवर लटकलेल्या चेना, एका डब्यात जुनी चाकं. शेजारी किल्लीवाला बसतो. त्याचं तोंड त्याच्या कानशीपेक्षा जास्त चालतं. दुकानामागच्या दोन खोल्यांत धाकटा आणि त्याची आई राहतात. थोरला भाऊ वाळवंटातल्या त्या श्रीमंत शहरात उंच इमारतींच्या काचा पुसतो, दोरावर लटकून. सात वर्षांत तो एकदाही घरी आलेला नव्हता. सुट्टी मागितली की त्याचा साहेब म्हणे, पुढच्या वर्षी. ताई त्याच्याही पलीकडे, एका थंड देशात नर्स आहे.

आईच्या डोळ्यांमागचा पडदा सुकत चालला होता. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले. "आहे तोवर बघून घ्या," एवढंच म्हणाले. ताईने तिकीट पाठवलं. "आईला माझ्याकडे पाठव, इथल्या डॉक्टरला दाखवते."

ते तिकीट धाकट्याने तीनदा वाचलं आणि धावत घरात गेला. विमान मध्ये एका ठिकाणी अकरा तास थांबणार होतं. थोरल्याच्याच शहरात. सकाळी सातला उतरायचं, संध्याकाळी सहाला दुसरं विमान.

आईला अकरा तासांचं काही कळलं नाही. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे तो मला दिसेल?"

"दिसेल."

"फोनमध्ये नको. फोनमध्ये मला नुसता डाग दिसतो."

त्याच दिवशी मला माळ्यावरून खाली काढलं. धाकट्याने नवीन चाक बसवलं, चेन बदलली, ओल्या फडक्याने मला पुसून काढलं. माझ्या तळाचा जुना पुठ्ठा त्याने ओढून काढला, पण फेकला नाही. त्याच्या पाठीवर पेन्सिलने अकरा रेघा मारल्या आणि एकेका तासात काय करायचं ते लिहायला घेतलं.

किल्लीवाला डोकावला. "हे काय, नवीन बॅगेचं माप?"

"आईच्या सहलीचं."

त्याने पुठ्ठा उचलून डोळ्यांपुढे धरला. "सातला उतरणार, सव्वासातला बाहेर? अरे, तुझी आई काय उडी मारून बाहेर पडणार आहे? आणि परतताना तीन तास आधी हजर राहावं लागतं म्हणतात. अकरातले तीन गेले, एक रांगेत गेला. उरले सात."

"सात तर सात."

"सात तासांत कारंजं, सोन्याचा बाजार, समुद्र, ती उंच इमारत! लेका, म्हातारीला फिरवतोयस की पळवतोयस?"

धाकटा लाजला आणि त्याने समुद्र खोडला.

रोज संध्याकाळी थोरल्याचा फोन यायचा. फोन माझ्यावर ठेवायचे, तिघं बोलायचे, आणि पुठ्ठ्यावर खाडाखोड व्हायची.

"आई, तुला ती सगळ्यात उंच इमारत दाखवतो. तिच्या काचा मी पुसल्यात," थोरला म्हणायचा.

"मला काच नको बाबा. मला तू झोपतोस ती जागा बघायचीय."

"तिथे काय बघायचंय?"

"तुझी गादी. पातळ आहे का जाड, ते हात लावून बघेन. खिडकीतून ऊन येतं म्हणाला होतास ना?"

"येतं गं. पण खोली लांब आहे. वेळ पुरणार नाही."

एकदा आई चहा ठेवायला आत गेल्यावर त्याने धाकट्याला हळूच सांगितलं, "खोलीचं खोड. बारा जण राहतो आम्ही. खिडकी नाहीये. मी तिला काहीतरीच सांगून ठेवलंय."

धाकट्याने खोली खोडली. आईने दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायला लावली. त्याने लिहिली, आणि तिची पाठ वळल्यावर पुन्हा खोडली. त्या जागी पुठ्ठा अगदी झिजून गेला.

शेवटी पुठ्ठ्यावर फारसं काही उरलं नाही. दारात भेट. सावलीत एक बाक. बरोबर नेलेलं खाणं. दुपारी उजेडात बसून बोलणं. आई म्हणाली, "आता कसं माझ्या मापाचं झालं."

एक गोष्ट मात्र धाकट्याने पक्की केली. "दादा, आईला तोंड ओळखू येईल तेव्हा येईल, पण रंग लांबूनही कळतो. तू तुझं कामाचं पिवळं जाकीट घालून ये. एवढ्या गर्दीत तिला पिवळं दिसलं की कळेल."

"घालतो रे."

"नक्की?"

"घालतो म्हटलं ना!"

राहिला कागद. आईला त्या शहरात बाहेर सोडायचं तर कुणाची तरी हमी लागणार होती. थोरल्याने आपल्या साहेबाच्या दारात आठ खेपा घातल्या तेव्हा कुठे एक पत्र मिळालं. ही बाई आमच्या कामगाराची आई, संध्याकाळी परत जाईल, जबाबदारी आमची, असं लिहिलेलं. खाली गोल शिक्का, सही. त्याच्याबरोबर काम करणारा एक जण सुट्टीवर येत होता, त्याच्या हाती ते धाकट्याकडे आलं. थोरल्याने दहादा बजावलं, "मूळ कागदच लागतो. डोळ्यांत तेल घालून जप."

आईच्या हातात तो द्यायची धाकट्याला भीती वाटली. वर्षभरात तिच्या दोन पिशव्या बाजारात हरवल्या होत्या आणि एक चष्मा बसमध्ये. किल्लीवाला म्हणाला, "तिच्या गळ्यात बांध." पण धाकट्याचा स्वतःच्या हातावर विश्वास होता. त्याने माझं अस्तर एका बाजूने उसवलं, आत मेणकापडाचा एक चोरकप्पा शिवला, पत्र त्यात सरकवलं आणि तोंडाशी छोटी चेन लावली. बाहेरून कुणाला मागमूस लागू नये. मी जन्मात एवढी जड झाले नव्हते. तो एक कागद मला सगळ्या कपड्यांपेक्षा भारी वाटला.

"आई, हात दे. हे बघ, इथे. लागली चेन बोटाला? तिथे उतरलीस की बॅग घ्यायची, कागद काढायचा, खिडकीवर दाखवायचा."

"पिशवी हरवते, बॅग कशी हरवेल?" आई म्हणाली. तिने चार वेळा चेन उघडून दाखवली.

यात कुणालाच काही चुकलंय असं वाटलं नाही. आमच्या घरात सगळ्यांनी जन्मभर बसनेच प्रवास केलेला. बस बदलायची म्हणजे आपलं सामान आपण उतरवायचं आणि आपणच दुसऱ्या बसवर चढवायचं. विमानाचं वेगळं असतं हे सांगणारं कोणी नव्हतं.

विमानतळाच्या दारापर्यंतच धाकट्याला येता आलं. आत आईला चाकाच्या खुर्चीत बसवून एक मुलगी घेऊन गेली. खिडकीवरच्या माणसाने मला पट्ट्यावर ठेवलं आणि विचारलं, "आजी, बॅग थेट शेवटपर्यंत पाठवू ना? तुम्हाला मध्ये त्रास नको."

"पाठव रे बाबा, देव तुझं भलं करो," आई म्हणाली.

त्याने माझ्या हँडलला चिठ्ठी चिकटवली. पट्टा सरकला. मला ओरडता येत असतं तर मी तेव्हा ओरडले असते.

पुढचं मी पाहिलेलं नाही. आईने आणि धाकट्याने नंतर सांगितलं तेच सांगते. सकाळी सातला ती उतरली. खुर्ची ढकलणाऱ्या बाईला म्हणाली, "माझी बॅग." ती म्हणाली, "बॅग पुढच्या विमानात जाईल, इथे मिळत नाही." मग खिडकी आली, आणि खिडकीतल्या माणसाने कागद मागितला.

धाकटा दुकानात होता. थोरल्याचा फोन आला.

"आई आतून म्हणतेय कागद नाही. कागद कुठे आहे?"

"बॅगेत."

"बॅग कुठे आहे?"

धाकटा यंत्रावरून उठला. यंत्रावर एका गिऱ्हाइकाची पिशवी तशीच अर्धी शिवलेली होती.

त्याच्या मोबाइलमध्ये पत्राचा फोटो होता. तो त्याने आईच्या फोनवर पाठवला. खुर्चीवाल्या बाईने तो खिडकीवर दाखवला. माणूस वाईट नव्हता म्हणे, फक्त मान हलवत राहिला. फोटो चालत नाही, मूळ दाखवा. थोरला आपल्या साहेबाला फोन लावत राहिला. सुट्टीचा दिवस होता, साहेबाने उचलला नाही.

आणि मी कुठे होते? त्याच इमारतीत. बहुतेक तिच्या पायांखालीच, तळघरात, शेकडो बॅगांच्या ढिगात. वर आई, दाराबाहेर थोरला, आणि खाली मी, कागद पोटात घेऊन. अकरा तास आम्ही तिघं एका छपराखाली होतो.

खुर्चीवाल्या बाईला दया आली. तिने आईला जिथून बाहेरचं काचेचं दार लांबून दिसतं तिथे नेऊन बसवलं. दार आपोआप उघडायचं, मिटायचं. थोरला फोनवर म्हणत होता, "आई, मी दारातच आहे, हात हलवतोय." आई दाराकडे बघत बसली. बरोबरचं खाणं तिने उघडलंच नाही. संध्याकाळी तिला विमानात नेलं.

तिकडच्या डॉक्टरांनीही इथल्यासारखाच नन्नाचा पाढा वाचला. चार महिन्यांनी ताईने आईला परत पाठवलं, दुसऱ्याच वाटेने. तोवर आईला फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

ती घरी आली त्या दुपारी धाकटा तिच्या पायांशी बसला. "आई, माझ्यामुळे झालं."

"वेडा आहेस. दिसला की मला."

"दिसला?"

"दार उघडलं की पिवळं दिसायचं. हलायचं पण. एकदा नाही, पाच-सहा वेळा. तोंड नाही दिसलं, पण पिवळं दिसलं ना! तोच होता. मी इकडून हात केला." तिने हात वर करून दाखवला. "तूच सांगितलं होतंस ना त्याला, जाकीट घाल म्हणून. तुझ्यामुळेच दिसला."

दुधाची तहान ताकावर, तसं. तरी धाकट्याचा चेहरा चार महिन्यांनी जरा सैल झाला. संध्याकाळी थोरल्याचा फोन आला तेव्हा तो फोन घेऊन दुकानात आला. मी तिथेच होते.

"दादा, आईला तुझं जाकीट दिसलं होतं. पिवळं. तू हलत होतास तेही दिसलं."

"पिवळं?" थोरल्याने विचारलं.

"हो. तुझं कामाचं."

"मी जाकीट घातलं नव्हतं," तो म्हणाला. "सात वर्षांनी आई बघणार, आणि मी काय कामाच्या कपड्यांत उभा राहू? पांढरा शर्ट घेतला होता. नवा."

"मग पिवळं?"

"दाराशी झाडणारे होते. त्यांची जाकिटं पिवळी असतात." मग म्हणाला, "तिला सांगू नकोस." मग म्हणाला की त्याला शहराबाहेरच्या कामावर पाठवतायत, आत वाळवंटात, दोन वर्षांसाठी. तिथे फोन लागेल की नाही, माहीत नाही.

धाकटा घरात गेला. आईने विचारलं, "काय म्हणाला? पिवळंच होतं ना रे?"

"हो," धाकटा म्हणाला. "पिवळंच."

हे सगळं लिहून ठेवता आलं, कारण आई आता वाचू शकत नाही. म्हणून माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी इकडे आलात, दुकानाच्या पायरीवर उन्हात बसलेली एक म्हातारी दिसली, आणि तिने तुम्हाला थोरल्याच्या पिवळ्या जाकिटाची गोष्ट सांगितली, तर ऐकून घ्या. हे तिला वाचून दाखवू नका.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याने दुकान उघडलं. मला टेबलावर आडवं केलं, टाके कापायची उसवणी घेतली आणि तो कप्पा एकेक टाका करून काढून टाकला. पत्र घडीचं तसंच होतं, शिक्काही फिकटला नव्हता, फक्त तारीख गेली होती. ते त्याने चाकांच्या डब्यात तळाशी ठेवलं. अस्तर परत शिवलं, मला बाहेर खिळ्याला लटकवलं आणि किल्लीवाल्याला सांगितलं, कुणी विचारलं तर विकायची आहे. मग त्याने सुईत दोरा ओवला आणि चार महिन्यांपासून पडून असलेली ती अर्धी पिशवी शिवायला घेतली.