सगळ्यात जास्त चालणारे बटण

मी एक जुने बटण आहे, मित्रांनो. शर्टाचे नव्हे, एका रुग्णालयाच्या संकेतस्थळावरचे. माझ्यावर 'शोधा' असे लिहिले आहे.

मला घडवणाऱ्याने एकच पट्टी तयार केली आणि सगळ्या पानांच्या माथ्यावर बसवली. मी त्या पट्टीत. त्यामुळे खालच्या कोणत्याही अर्जात लिहून कुणी एंटरची कळ दाबली, की हुकूम पानावरच्या पहिल्या बटणाला, म्हणजे मलाच मिळे. तळाचे 'पाठवा' बिचारे बसून राही. मी शोधायला धावत असे. 'काही सापडले नाही' असे पान उघडे आणि भरलेला अर्ज पुसला जाई.

दर महिन्याला रुग्णालयाचे साहेब कोणते बटण किती वेळा दाबले गेले याचे आकडे पाहून म्हणत, "सगळ्यात जास्त चालणारं बटण हेच." त्यांनी मला आणखी ठळक केले. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

एके दिवशी प्रतीक्षालयातल्या संगणकावर एक आजोबा बसले. जन्मभर टायपिस्ट होते. आजींची दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होती; त्याआधी भेटायचे तर दुपारी बाराच्या आत संकेतस्थळावर भेटीचा अर्ज हवा. आजोबांनी नऊ रकाने भरले आणि हाताच्या जुन्या सवयीने एंटर दाबले. मी धावले. अर्ज पुसला गेला. त्यांनी पुन्हा भरला. मी पुन्हा धावले.

"माझंच कुठंतरी चुकतंय," ते तिथून जाणाऱ्या रुग्णालयाच्या प्रोग्रामर ताईंना म्हणाले. "तिचा चष्मा घरी राहिलाय हो. चष्म्याशिवाय ती घाबरते."

ताई शेजारी बसल्या. "माझ्यासमोर भरा बरं, काका."

त्यांनी भरला, एंटर दाबले, आणि ताईंनी मला धावताना पाहिले.

"तुमचं काही चुकलं नाही, काका. आमचं चुकलंय."

चौथ्यांदा अर्ज भरल्यावर ताईंनी 'पाठवा' स्वतः दाबले. बाराला चार मिनिटे होती. मग संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी प्रत्येक पानाला सांगून ठेवले, की इथे एंटर कुणाचे.

आता दिवसाकाठी मला दहा-बारा जण दाबतात. "हे बटण बंद पडलंय का?" साहेबांनी विचारलेच. मला त्याचे वाईट वाटत नाही.

मित्रांनो, मोठेपणी काही घडवाल तेव्हा ते वापरणाऱ्याच्या शेजारी एकदा तरी बसा. ताईंना माझी चूक दिसायला दोन मिनिटे लागली. त्याआधीची सगळी वर्षे मला शाबासकी मिळत होती, आणि माणसे आपलेच चुकले असे समजून उठून जात होती.