गरम बर्फ

दोनशे अंशांवरही पाण्याचा बर्फ होतो, असं भाचीने एकदा सांगितलं आणि तेव्हापासून घरात सगळे तिला थापाडी म्हणू लागले. म्हणून आज तिने आत्यालाच प्रयोगशाळेत आणलं.

दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये तापलेल्या पाण्याचा थेंब होता. आत्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. भाचीने जीव मुठीत धरून हिरे एकमेकांवर दाबणारे स्क्रू आवळले. हिरा तडकला असता, तर आणखी हसं झालं असतं.

"अगंबाई! काचेचे खडे उगवले की!"

"तोच बर्फ, आत्या. एवढ्या दाबाखाली रेणू इतके तापले तरी त्यांना सुटं फिरायला जागाच उरत नाही."

"हात लावला तर?"

"भाजेल!"

आत्या खदखदून हसली, पण सूक्ष्मदर्शकावरून डोळा काही हटवेना. "माझ्या भावाला फोन लाव," ती म्हणाली. "म्हणावं, आधी पोरीची माफी माग."