जागरणाची गोळी

चिंचवडला हमरस्त्यावर माझं औषधाचं दुकान होतं. बाहत्तर-त्र्याहत्तरची गोष्ट. समोर ट्रान्सपोर्टच्या गाड्या उभ्या असायच्या; कारखान्यांचा माल पार मद्रास-कलकत्त्याला जायचा. ड्रायव्हर माझ्याकडून जागरणाच्या गोळ्या न्यायचे. डॉक्टरांची चिठ्ठी मागण्याइतका सोवळा मी तेव्हा नव्हतो. तोंड मात्र बंद ठेवायचो. कुणी काय नेलं ते या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही, याचा मला फार तोरा होता.

थेरगावचा भिमाजी ड्रायव्हर माझं जुनं गिऱ्हाईक. बायकोला सांगू नका, एवढं बजावून तो गोळ्या खिशात टाकी. दिवाळीत त्याची बायको गोजाबाई आली. नवरा आठ-आठ दिवसांनी घरी येतो आणि आढ्याकडं बघत पडून राहतो, म्हणाली. मला कारण ठाऊक होतं. तरी मी तिला झोपेच्या गोळ्या दिल्या. तो औषधाला हात लावणार नाही, म्हणून ती गोळी कुटून त्याच्या भाजीत घालू लागली. तिनंही मला बजावलं, त्यांना सांगू नका. मी नाही सांगितलं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी दुपारी भिमाजी आला. घरी जेवण उरकतंय तोच गाडी भरल्याचा निरोप आला होता, आणि हात धुऊन तो तसाच निघाला होता. डोळे जड झाले होते.

“भाऊ, आज दोन द्या. एकीनं भागत न्हाई. हल्ली घरी जेवलं की गुंगीच येती. मागल्या खेपेला घाटात गाडी कठड्याला घासली.”

पुडी बांधता बांधता माझा हात थांबला. सकाळीच गोजाबाई गोळ्या घेऊन गेली होती. इतके महिने मी अक्कल गहाण टाकली होती. मी त्याला गाडी काढू नका म्हणालो आणि भाजीतल्या गोळीचं सांगून टाकलं.

तो दुकानाच्या पायरीवर बसला. कधीपासून, एवढंच त्यानं विचारलं. दिवाळीपासून, मी म्हणालो. तो बायकोवर चिडेल अशी मला भीती होती. तो चिडला नाही.

“मी काय खातो ते तिला ठाऊक न्हवतं,” तो सावकाश म्हणाला. “ती काय घालती ते मला न्हवतं. तुमाला दोन्ही ठाऊक व्हतं.”

मला मान वर करवेना. तो तिथंच भिंतीला टेकून झोपी गेला.