चाकावरून उतरलेला ठोकळा

मित्रांनो, मी काँक्रीटचा एक ओबडधोबड, गोल ठोकळा आहे. आज कुंपणाशी गवतात पडून आहे. पण एकेकाळी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला वजन म्हणून बसवलेला होतो.

त्या घरात दोन भाऊ. ट्रॅक्टर थोरला चालवी. नांगर जरा खोल गेला की मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरत. धाकटा गवंडी. तो म्हणाला, "दादा, चाकांना वजनं हवीत. घरीच ओतू."

"तू भिंती बांध. ट्रॅक्टरचं मला कळतं."

धाकट्याने तरीही दोन फुटके टब आणले. आत सळ्यांची जाळी ठेवली, बोल्टांसाठी पाइपाचे तुकडे उभे केले आणि सिमेंट, वाळू, खडी कालवून ओतली. असा मी जन्मलो, आणि माझा जुळा भाऊही. एकवीस दिवस धाकट्याने आम्हांला ओली पोती पांघरली. एवढी माया मला पुन्हा कुणी केली नाही.

चाकांना बसवताना तो एवढंच म्हणाला, "दादा, नट अधूनमधून आवळत जा. हादऱ्यांनी ढिले होतात."

पहिल्याच नांगरटीत चाकं जमीन धरून चालली. लोक बघायला आले.

"कुणाचं हो डोकं?"

"आमचंच! दुसऱ्या कुणाचं?" थोरला म्हणाला. धाकटा शेजारीच उभा होता.

पुढे दोन वर्षं नटांना पाना लागला नाही. एके दुपारी मी खडखडू लागलो. धाकट्याने ओरडून ट्रॅक्टर थांबवला आणि पाना घेऊन चाकाशी वाकला. तेवढ्यात उरलेला बोल्ट निसटला. मी त्याच्या पावलावर पडलो.

माणसं धावली. त्यांच्यासमोर थोरला म्हणाला, "हे घरगुती उद्योग नकोत म्हणून किती सांगितलं! ऐकेल तर ना!"

"नट आवळायला भावजींनी तुम्हालाच सांगितलं होतं," थोरल्याची बायको म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस."

धाकट्याच्या पायाची तीन बोटं गेली. परांचीवर चढणं संपलं, गवंडीकामही संपलं. तो घर सोडून गेला. थोरला अजून सांगतो, काँक्रीटचा नाद वाईट. लोक माना डोलावतात.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, हे तर मी सांगेनच. पण ती घडवणाऱ्याचं नावही चारचौघांत घ्या. तो धड पायांवर उभा आहे तोवर घ्या.