सोनाबाईच्या परसातली माती

मी बिरवाडीतल्या सोनाबाईच्या परसातली माती बोलतेय. दचकू नका. रोज माझ्यावरून चालता, खरकटं पाणी ओतता. आज घटकाभर माझं ऐकूनही घ्या.

माझा जन्म डोंगरातला. नदीने मला इथे आणून बसवलं आणि मी भाताचं खाचर झाले. सोनाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून तिचे पाय मी ओळखते. पुढे कारखाने आले, कामगार आले. भाड्याच्या खोल्या बांधायला तिच्या नवऱ्याने माझ्यावर मुरूम ओतला. त्यावर विटांचे तुकडे पडले, फुटक्या फरश्या पडल्या, प्लास्टिक तर विचारूच नका. एकवीस सालच्या पुराने वर गाळ आणून घातला. जो तो यायचा आणि काहीतरी टाकून जायचा.

यंदा तिचा मुलगा सुशांत म्हणाला, "आये, सगळ्यावर कोबा करून टाकू. मेलेली माती हाय ती."

सोनाबाईला मात्र तिथे पडवळ लावायचं होतं. तेवढीच मोकळी जागा तिच्याकडे उरली होती.

त्याच आठवड्यात कॉलेजात शिकवणारी श्रुतिका आली. माणसांनी बदललेल्या मातीची वर्गवारी करणं हे तिचं काम. "जयभीम, आजी. परसात एक खड्डा खणू का?"

छातीइतका खड्डा झाला. टेप लावून ती माझा एकेक थर लिहू लागली. इतकं निरखून मला कुणी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, मी हरखून गेले.

मुरमाखाली बोटभर काळा पट्टा लागला. तिने चिमटीत चोळून पाहिला. "कारखान्याची राख दिसते. इथे भाजी नको, आजी."

सुशांतने लगेच सिमेंटवाल्याला फोन लावला.

पंचाहत्तरीची सोनाबाई पदर खोचून खड्ड्यात उतरली. काळ्या पट्ट्यावर तळवा ठेवून म्हणाली, "कारखान्याची नाय गो बाय. हा माजा राब हाय. भाताचं रोप टाकायच्या आधी दर साली पाला नि शेण पसरून मी हितं भाजायची."

श्रुतिकाने पट्ट्याखालचं ढेकूळ फोडलं. आत गंजाच्या रंगाच्या केसाएवढ्या नळ्या होत्या. भाताची मुळं कधीच कुजली होती, त्यांच्या वाटा राहिल्या होत्या. "खरंच, इथे भातच होता," ती म्हणाली. मग वहीतलं खोडून तिने 'राब' लिहिलं.

मला स्वतःचंच नवल वाटलं. मुरूम पडला तेव्हा माणसाचा हात लागून मी बिघडले, असं मी धरून चालले होते. पण त्याआधी तरी मी नुसती डोंगराची कुठे होते? या बाईनेच मला भाजून, चिखलणी करून घडवलं होतं.

"वरचा भराव तपासून येईपर्यंत भाजी थांबवा," श्रुतिका म्हणाली. "पण ही मेलेली माती नाही."

सुशांत फोनवर हळूच म्हणाला, "नको, सिमेंट नको आता." आणि आईला वर घ्यायला त्याने हात पुढे केला.

लोकहो, घरं बांधा, रस्ते करा. फक्त एखादा तुकडा उघडा ठेवा आणि झाकण्याआधी एकदा खाली उतरून बघा. मला आता निरोप द्या. सोनाबाई अजून खड्ड्यातच उभी आहे, अनवाणी. मुलाचा हात तिने धरलाय, पण वर काही येत नाही.