फुकट बोलायचा एक नंबर

विश्वासच्या फोनवरचा चाराचा आकडा साफ पुसला गेला होता. दोनाचा मात्र अजून कसा लख्ख, काल दुकानातून आणल्यासारखा — आणि दोनवर ती स्वतः होती. दोन दाबून धरलं की सुचित्राचा फोन वाजायचा. ती सोय विश्वासनंच करून ठेवली होती, हा फोन घेतला तेव्हा, हौसेनं. तिच्या फोनातही त्यानंच दोनवर स्वतःला बसवलं होतं आणि तिनं वर नाव घातलं होतं 'अहो'. पण दोनाला कुणी हात लावल्याचं दिसत नव्हतं. आणि चार दाबून धरलं की...

आत बाथरूममध्ये पाणी पडत होतं तोवर वेळ होता. तिनं एक कान पाण्याकडे ठेवला आणि अंगठा चारवर. नाव यायचं, शामला, ती लगेच लाल बटण दाबायची. मग ते नाव उघडायचं, त्याच्याखालचा नंबर वाचायचा, बंद करायचं आणि फोन होता तसा टेबलावर, चष्म्याच्या घराला समांतर. रोजचंच झालं होतं हे. काय मिळत होतं वाचून? खाक. नंबर तो नंबर, त्यात काय लिहिलेलं असणार... पण दुखऱ्या दाताकडे जीभ जातेच ना, कितीही नाही म्हटलं तरी, तसं.

तसं बघायला गेलं तर सगळं सरळ होतं, इतकं सरळ की भांडायचं तर धरायचं कुठे? शामला विश्वासच्या प्लँटमध्ये कागदपत्रांचं बघते, नाशिकची, नवरा मस्कतला, ही इथे कुवेतमध्ये, अबू हलीफाला एकटी, गाडीचं लायसन नाही. घरून, फिंतासहून, प्लँटला जाताना अबू हलीफा वाटेवरच लागतं. म्हणून विश्वास तिला सकाळी उचलतो आणि संध्याकाळी सोडतो. तिनं पेट्रोलचे पैसे देऊ केले होते. हाच म्हणाला, छे हो, वाटेवरच तर आहे. आहेच वाटेवर. देवानं मुद्दाम वाटेवर ठेवल्यासारखी!

आणि फोन तरी काय, नुसते मिस्ड कॉल. हा तिच्या बिल्डिंगखाली जाऊन एक रिंग देतो, ती एक रिंग देऊन म्हणते, उतरते. म्हणते तरी कुठे? कुणी काहीच म्हणत नाही. तेच तर सलत होतं. बोलली असती माणसं तर विचारता तरी आलं असतं, काय बोललात म्हणून. न बोलता कळतं त्याचं काय विचारायचं?

...पुण्यात असताना विश्वास पिवळ्या बूथवरून रिंग द्यायचा. एक रिंग म्हणजे बसस्टॉपवर ये, दोन म्हणजे आज नाही जमत. बाबा पेपर टाकून उठायचे, हॅलो हॅलो करायचे, आणि फोनवाल्यांना शिव्या देत परत बसायचे, लाइनच खराब आहे म्हणून. आणि मी आतल्या खोलीत वेणीचा शेवटचा पेड हातात धरून उभी, दुसरी रिंग येऊ नये म्हणून श्वास रोखून. ती रिंग माझी होती. आम्ही दोघांनी शोधून काढली होती ती, पैसे वाचवायला म्हणून नाही, — बरं, पैसे वाचवायला म्हणूनच, पण आमची होती. ती यानं उचलून दुसरीला दिली. जुना स्वेटर द्यावा तशी. आणि त्याला आठवतसुद्धा नसेल, हे तर आणखीच वाईट.

पाणी थांबलं.

नाश्त्याला पोह्यांबरोबर पुन्हा तो रंगीत कागद आला. आठवडाभर हेच चाललं होतं. नवा फोन, बटणंच नसलेला, नुसती काच. पुढच्या महिन्यात कुवेतमध्ये येणार, पण आत्ता नाव नोंदवलं तर पहिल्या खेपेत मिळणार. घ्यायचा हे ठरलं होतं. कसा घ्यायचा हे मात्र विश्वास इंजिनियरच्या चिकाटीनं दळत होता.

"कॉन्ट्रॅक्टवर घेतला तर फोन जवळपास फुकटात पडतो गं. पण दोन वर्षं बांधून घ्यायचं. रोख घेतला की आपण मोकळे."

"बट डॅड, कॉन्ट्रॅक्टवर एक फेव्हरेट नंबर मिळतो," निखिल तोंडात घास ठेवून म्हणाला. "अनलिमिटेड. टोटली फ्री. बट जस्ट वन नंबर."

एक नंबर. सुचित्रानं सगळ्यांच्या पोह्यांवर खोबरं घातलं, पुन्हा घातलं.

"मग? कोणाचा टाकणार?" तिनं विचारलं, आवाज अगदी मीठ हवंय का विचारावं तितका साधा ठेवून.

"बघू," विश्वास म्हणाला आणि कागद उलटला.

बघू. बायको समोर बसलीय, चौदा वर्षं संसार केलेली, पोहे वाढतेय, आणि बघू! यात बघायचं काय असतं? 'तुझा, आणखी कुणाचा' म्हणायला काही दीनार पडत होते? खोटं का होईना म्हणायचं असतं माणसानं.

शहरात शर्कला जाईपर्यंत गाडीत तो 'बघू' तिच्या शेजारीच बसला होता. उजवीकडे समुद्र, ऑक्टोबरचा, अजून तापलेला. मागे निखिल कानात वायरी घालून. या सीटवर शामला बसते. सीट थोडी मागे सरकवलेली असते रोज. उंच आहे मेली. सुचित्रानं बसल्या बसल्या ती पुढे ओढली, खटकन, जरा जोरातच.

"काय झालं?"

"काही नाही. पाय अवघडले."

गेल्या वर्षी याच दिवसांत सगळ्या देशाच्या नंबरांना पुढे एक आकडा लागला होता. रात्रीतून सगळे नंबर लांब झाले, जो तो आपापल्या फोनातली नावं दुरुस्त करत बसला. विश्वासही बसला होता सोफ्यावर, एकेक नाव घेऊन. दुसऱ्या दिवशी तिनं पाहिलं तेव्हा शामलाला आकडा लागलेला होता आणि सुचित्रा तशीच, तोकडी. "अगं, तू घरातच असतेस, तुझं करू की सावकाश," हसून म्हणाला होता. आणि त्याच वर्षी मंडळाच्या गणपतीत, माइक हातात धरून सगळ्यांसमोर, ती बया म्हणाली होती, "विश्वास, ती वायर जरा सरकवतोस?" सरकवतोस! माझ्या जिभेला चौदा वर्षं 'अहो'ची सवय, एकांतातसुद्धा सुटत नाही, सासूबाई तिकडे पुण्यात असल्या तरी. आणि इकडे हे सरकवतोस. मग माझ्याकडे वळून गोड हसली होती. "वहिनी, मोदक काय सुरेख झालेत." झालेत ना? खा.

जळतेस तू, सुचित्रा. हो, जळते. जळते म्हणजे जळते. करा काय करायचं ते.

आधी मासळीबाजारात शिरले. झुबैदी आज चांगली आली होती. इथल्या या पापलेटवर विश्वासचा भारी जीव. त्यानं निवडून घेतली, साफ करायला दिली, पावती खिशात घातली, आणि तोवर म्हणून ते शेजारच्या मॉलमधल्या फोनच्या दुकानात आले. निखिल दाराजवळच्या खेळांच्या पडद्याला चिकटला. काउंटरवरच्या मुलानं त्यांचं बोलणं ऐकलं आणि तोंडभर हसला.

"मराठी? मी रियाज, चिपळूणचा. बसा वहिनी."

वहिनी. या देशात मला कुणी दुसरं नावच ठेवलेलं नाही.

काचेखाली नवा फोन होता. खरा नव्हताच, नुसतं आतून पोकळ खोकं, तेही हातात मिळत नव्हतं. एक सपाट काळी पाटी. तिनं वाकून पाहिलं. आकडेच नाहीत. दोन नाही, चार नाही, काही झिजणार नाही, काही पुसलं जाणार नाही... आणि वर निखिल त्याला चार आकड्यांचं कुलूप घालून देणार, कालच बापाला समजावत होता. म्हणजे सकाळचं तेवढंही जाणार. तेवढं तरी राहावं असं तिला वाटलं, आणि मग स्वतःचीच शरम वाटली.

"कॉन्ट्रॅक्ट करू या," विश्वास म्हणाला. अखेर. रियाजनं सिव्हिल आयडी घेतलं, भराभरा टाइप केलं आणि मान न उचलता विचारलं, "सर, फेव्हरेट नंबर?"

सुचित्रा पर्सचा बंद नीट करू लागली. विश्वासनं गळ्याजवळ खाजवलं.

"तो नंतर नाही का देता येत?"

"नाही सर. त्याशिवाय पुढे जात नाही ते."

विश्वासनं खिशातला रंगीत कागद काढला. उलटला, परत घातला.

"जाऊ दे हो," विश्वास म्हणाला. "असल्या भानगडी नकोत. मला रोखच द्या. कॉन्ट्रॅक्टवर हिच्यासाठी एक करा. ही घरी असते, बोलायला हिलाच लागतं."

झालं! म्हणजे माझा द्यायचा नव्हता आणि तिचा माझ्यासमोर देता येत नव्हता. म्हणून खिसा रिकामा करतोय, पण तोंड उघडत नाहीये. स्वतः मोकळा, आणि मला बांधून ठेवायचं दोन वर्षं, काउंटरवर, पावती घेऊन. कुणाला सांगायचं हे? आई असती तर म्हणाली असती, अगं नवरा नवा फोन घेऊन देतोय आणि तू रडतेस? किंवा... किंवा खरंच भानगड नको असेल त्याला. माणसाला कधीकधी नुसतीच भानगड नको असते, तो तसाच आहे, लग्नात आहेराची यादी वाचायलासुद्धा नको म्हणाला होता. पण हे मला कोण पटवणार, आणि पटलं तर मी करू काय उद्या सकाळपासून?

"काय गं, चालेल ना?"

"चालेल."

त्यानं पैसे भरले, सह्या केल्या, आणि मासे झाले असतील म्हणून उठला. "तू बाकीचं सांग याला, मी आलोच."

रियाजनं खुर्ची तिच्याकडे वळवली. "वहिनी, तुमचा फेव्हरेट नंबर? सरांचाच घालू ना?"

"हो, म्हणजे काय," ती म्हणाली. हसली सुद्धा. दुसऱ्या कुणाचा असणार? मी काही बघू म्हणणाऱ्यांतली नाही. आणि तिनं नंबर सांगितला, न अडखळता, शाळेत पाढा म्हणावा तसा, नऊ सात दोन... रियाजची बोटं तिच्यामागून धावत होती. शेवटचा आकडा सांगून झाला आणि त्यानं पडदा तिच्याकडे फिरवला. "बघून घ्या."

ती बघत राहिली.

ओळखीचा होता. फार ओळखीचा. रोज सकाळी, पाणी पडत असताना...

नाही, हा नाही, थांब, ह्यांचा — ह्यांचा नऊ... नऊ नऊ? की सहा? ती आठवू लागली आणि तिथे काहीच नव्हतं. 'अहो' होतं. दोन दाबून धरायचं होतं. बाबांच्या घरचा पुण्याचा नंबर आठवला, तो कधीचाच बंद झालेला, आणि त्यावरची एक रिंग आठवली. पण चौदा वर्षं संसार केलेल्या नवऱ्याचा नंबर आयुष्यात एकदाही तोंडाला आला नव्हता. सांगायची वेळच आली नव्हती. आणि ही, ही मात्र सगळी पाठ.

"वहिनी, बरोबर आहे ना?"

पिशवीचा आवाज आला, बर्फाचा आणि माशांचा वास आला, आणि विश्वास शेजारी टेकला. "दिलास का नंबर?" म्हणत त्यानं चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पडद्याकडे वाकला. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. इतक्या जवळून तिनं तो कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. आता कळेल. आता भुवई हलेल, कान लाल होईल, काहीतरी होईल, आणि मग एकदाचं...

त्यानं आकडे वाचले. पुन्हा वाचले.

"हा कुणाचा गं?" तो म्हणाला. "माझा नाहीये हा."

खरंच विचारत होता. किंवा फार चांगलं विचारत होता. पण नाही, त्याच्या डोळ्यांत काहीही नव्हतं, फक्त चष्म्याच्या काचेवर बर्फाच्या पाण्याचा एक थेंब. त्याच्याही फोनात शामला नुसती चारवर होती. दाबून धरलं की यायची. तिचा नंबर त्यालाही पाठ नव्हता. मस्कतमधल्या तिच्या नवऱ्याला तरी असेल का? या एवढ्या मोठ्या जगात शामलाचा नंबर पाठ असलेली बहुतेक मी एकटीच.

तिला हसू येतंय की काय असं वाटलं, आणि मग ते हसू नव्हे असंही वाटलं. त्या बाईनं सकाळची एक रिंग दिली की ती कशी उतरत असेल, जिन्यानं की लिफ्टनं, डबा हातात असेल का, कोण करून देतं, — हे सगळं तिच्या मनात आलं, पहिल्यांदाच, राग न येता. राग कुठे गेला ते तिनं शोधलं. तो जागेवर नव्हता. आणि तो नसल्यावर एवढी मोकळी जागा पडली की तिला भीती वाटली.

"सुचित्रा? कुणाचा नंबर?"

रियाजचं बोट बटणावर थांबलं होतं. पिशवीतून पाणी ठिबकून तिच्या चपलेवर पडत होतं, आणि ते दोघं तिच्या तोंडाकडे बघत होते.

"अहो, थांबा जरा," ती म्हणाली. "तुमचा नंबर सांगा आधी. मला पाठ नाहीये."